धम्माभ्यास : रेषा आणि सम्यक स्मृती

उपासक-उपासिकांनो,

बावीस प्रतिज्ञांपैकी अकराव्या प्रतिज्ञेने आपण अष्टांगिक मार्ग स्वीकारला. सम्यक स्मृती हे त्या मार्गाचे सातवे अंग होय. पुष्कळांची समजूत अशी की, ही भिक्खूंची गोष्ट आहे. एकांतात, डोळे मिटून करायची. नोकरी, लोकल आणि स्वयंपाक यांत गुंतलेल्या कुटुंबाला ती कशी साधणार? आज आपण ती कागद-पेन्सिल घेऊन शिकू.

सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे सांगताना भगवंतांनी दाखला दिला तो कातार्‍याचा. कुशल कातारी लांब ओढ घेताना ‘लांब’ हे जाणतो, आखूड घेताना ‘आखूड’ हे जाणतो. तसेच साधकाने श्वासाला जाणावे. कष्टकर्‍याचा हात हा भगवंतांना ध्यानाचा दाखला वाटला, हे ध्यानी ठेवा.

आता अभ्यास. रात्री जेवणानंतर घरातील सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. मध्ये पिंपळाचे एक पान ठेवावे. खोडरबर घेऊ नये.

१) काया : तीन श्वास पाहा. मग पानाची कड नजरेने हळूहळू चालत जा, तितक्याच हळू पेन्सिल चालवा. रेषा लांब तर लांब, आखूड तर आखूड, एवढेच जाणा.

२) वेदना : रेषा जमली की सुख वाटते, चुकली की दुःख. दोन्ही येतात आणि जातात. ती पाहा आणि पुढची रेषा काढा.

३) चित्त : ‘मला जमणार नाही’, ‘लोक हसतील’ असे मनात येईल. ते ओळखा.

हे तिसरे अंग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्यांच्या वाडवडिलांना पाटी-पेन्सिलीपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या हातात पेन्सिल येताच भीतीही येते. ही भीती आपला स्वभाव नव्हे; ती कारणांनी उत्पन्न झाली आहे. जे कारणाने उत्पन्न होते, ते कारण गेले की निरुद्ध होते, असे धम्म सांगतो. म्हणून मुलाच्या चित्राला हसू नका. ‘तू काय पाहिलेस?’ एवढेच विचारा.

डॉ. बाबासाहेबांनी उत्तर आयुष्यात, कामाच्या डोंगरातही, चित्रकलेचे धडे घेतले आणि उघड्या डोळ्यांचा बुद्ध रेखाटला. उघड्या डोळ्यांनी जगाकडे पाहणे हीही स्मृतीच. मात्र आपल्या घरी काढलेल्या बुद्धचित्रापुढे नवस बोलू नका. ते चित्र मार्गाची आठवण आहे.

आपल्या वस्तीचे नाव इंद्रलोक असले, तरी धम्म स्वर्गाची आशा दाखवीत नाही. तो याच घरात आचरायचा आहे. भाईंदरहून लोकलने बोरिवलीला उतरून एखाद्या रविवारी मुलांना कान्हेरी लेणी दाखवा. शंभराहून अधिक लेणी तिथे आहेत. तेथील शिलालेखांत दान देणारे सोनार आणि लोहारही आहेत. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे एक रंगचित्र अपुरे राहिले आहे. त्याखाली मुलांना वही उघडू द्या.

स्वाध्याय : १) रेषा चुकली तेव्हा मनात प्रथम काय आले? २) ते किती वेळ टिकले? ३) हेच पाहणे उद्या राग आल्यावर कसे वापराल?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!