घासाची मुळी आणि आपली जमीन



आपल्याकडे ऊस आहे तिथे दोन-चार जनावरे असतातच, आणि जनावरे आहेत तिथे विहिरीजवळ पाच-दहा गुंठे घास असतो. लसूणघास म्हणा, मेथीघास म्हणा, पीक एकच. या घासाबद्दल गेल्या हंगामात एक सभासद गटकार्यालयात आले. वयाने वडील आहेत, आम्ही त्यांना नानाच म्हणतो. ते म्हणाले, "साहेब, एकाच पिशवीतलं बी मी आणि माझ्या चुलतभावानं निम्मं निम्मं वाटून घेतलं. त्याचा घास चौथ्या वर्षाला पण चालू आहे. माझा दुसऱ्या पावसाळ्यातच विरळ झाला. आता बी तरी कसं खोटं म्हणायचं?"

कुदळ-फावडे घेऊन आम्ही दोन्ही शेतांत खड्डे केले. चुलतभावाची जमीन तापीकाठची, गाळाची. छातीइतका खड्डा झाला तरी मुळी सरळ खालीच चाललेली. वर अंगठ्याएवढी जाड, तळाशी पेन्सिलीएवढी, आणि अजून खाली जातच होती. नानांच्या शेतात वीतभर खणल्यावर कुदळ ठणकली. नांगराच्या तळाखाली कठीण थर बसलेला होता. मुळी तिथपर्यंत सरळ आलेली, मग कोपरासारखी वाकून आडवी गेलेली. टोके काळी पडलेली, हातात घेतली तर साल सुटून येत होती. या शेतात आधी लागण आणि त्यावर दोन खोडवे झालेले, आणि ओल असताना भरलेल्या ट्रॉल्या त्यातून ओढलेल्या. म्हणजे बी खोटे नव्हते. "खोडवा निघाला की घास टाका" असा सल्ला नानांना आम्हीच दिला होता, आणि तो देताना जमीन खणून पाहिली नव्हती. चूक आमचीच.

उसाची मुळी आणि घासाची मुळी यांत मोठा फरक आहे. उसाच्या बेण्याला आधी बेण्याच्या मुळ्या सुटतात, त्या काही आठवडे काम करतात. मग कोंबाच्या मुळ्या येतात, आणि खोडवा ठेवला की नव्या कोंबांना परत नव्या मुळ्या. यातल्या बहुतेक मुळ्या वरच्या दोन फुटांत असतात. घासाचे तसे नाही. बी रुजले की एकच सोटमूळ खाली निघते. वर पान बोटभर असते तेव्हा मुळी वीतभर गेलेली असते. खोल आणि निचऱ्याच्या जमिनीत पहिल्याच वर्षी ती पाच-सहा फूट जाते, पुढच्या वर्षी दहा फुटांच्या आसपास. वीस फुटांपर्यंत गेल्याच्याही नोंदी आहेत. अर्थात मुळ्यांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वरच्या फूट-दीड फुटातच असतो, आणि नत्राच्या गाठीही वरच्या बारीक मुळ्यांवरच असतात. गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी दिसली तर ती कामाची. गाठी धरणारे जिवाणू घासाला आणि मेथीला एकाच गटाचे चालतात. म्हणून मेथीच्या वाफ्यात घास लवकर जोम धरतो. भुईमुगाचे जिवाणू खत घासाला लावून उपयोग नाही.

आणखी एक गंमत आहे. रोप लहान असताना पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याचा मानेचा भाग आखडतो आणि गड्डा, म्हणजे जिथून फुटवे निघतात ती जागा, जमिनीत थोडी खाली ओढली जाते. खुरापासून आणि विळ्यापासून होणारा हा त्याचा बचाव आहे. म्हणून बी अर्ध्या-पाऊण इंचापेक्षा खोल टाकू नये आणि कापणी जमिनीला खरवडून करू नये.

आता वाणांकडे येऊ. आपण उसाची जात निवडताना को ८६०३२ पाण्याचा ताण सोसते म्हणून ती पाहतो. घासाच्या बाबतीत मात्र 'पाला किती' एवढेच विचारतो. खरे तर मुळीच्या ठेवणीवरून घासाचे तीन प्रकार पडतात. पहिला सोटमुळाचा: एकच जाड मुळी, अरुंद गड्डा, उभी वाढ. दुसरा फाट्यांचा: थोडे खाली जाऊन मुळीला चार-सहा फाटे फुटतात आणि गड्डा रुंद असतो. तिसरा रांगता: मुळ्या आडव्या जातात आणि त्यांवरून नवे कोंब वर येतात, हरळीसारखे. कॅनडात स्विफ्ट करंट येथील संशोधन केंद्राने १९५५ साली रॅम्बलर नावाचा रांगता वाण दिला, त्यात सायबेरियातील पिवळ्या फुलाच्या घासाचे रक्त आहे. लडाखमधून १९१० साली अमेरिकेत गेलेल्या बियाण्यावरून तिथे लडाक नावाचा वाण झाला, तोही कडक थंडीत टिकणारा. फाट्यांच्या आणि रांगत्या मुळ्या उथळ व ओलसर जमिनीत सोटमुळापेक्षा बऱ्या तग धरतात. पण हे वाण हिवाळ्यात झोपतात, कापणीनंतर सावकाश फुटतात. दर महिन्याला विळा लावणाऱ्या आपल्यासारख्याला ते परवडणारे नाहीत.

आपल्या बाजारात मिळतात ते राहुरी कृषी विद्यापीठाचा आर.एल. ८८, कच्छच्या बहुवार्षिक घासातून निवडलेला आणंद-२, हरियाणातल्या सिरसा गावचे नाव लावणारा सिरसा-९. हे सारे गरम मुलखाचे, थंडीत न थांबणारे, सोटमुळाचे वाण. त्यांच्यात उत्पन्नाचा आणि टिकण्याचा फरक आहे, आणि तीन-चार वर्षे ठेवायचा असेल तर आम्ही आर.एल. ८८ सांगतो. पण नानांच्या शेतातला कठीण थर फोडून खाली जाईल असा वाण यांत एकही नाही. उसात जात बदलून थोडेफार निभावते, घासात ते जमत नाही. इथे जमीनच पाहावी लागते.

त्यातही विरळ झालेल्या घासात मध्ये बी टाकून तो भरून निघत नाही. जुन्या घासाच्या अंशातून जमिनीत असे काही द्रव्य उतरते की घासाचेच नवे रोप तिथे खुरटते. रांगत्या वाणात शेजारची मुळी जागा भरते, आपल्या सोटमुळाच्या वाणात मेलेले रोप कायमचे गेले. नानांनी दोनदा बी टाकले होते, दोन्हीदा वाया गेले.

मुळी खोल गेली तरी ती वरून मारता येते, आणि ते आपण सर्रास करतो. कापणी झाल्यावर नवा फुटवा पानांच्या जोरावर येत नाही. मुळीत साठवलेल्या पिठावर येतो. पहिले दहा-बारा दिवस मुळी रिकामी होत असते, मग पाने मोठी झाली की ती परत भरायला लागते. फुले दिसू लागेपर्यंत ही भरती चालते. पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी आणि पुढच्या २५ ते ३० दिवसांनी घ्या असे सांगतात ते यासाठीच. घरात वैरण नाही म्हणून अठराव्या दिवशी विळा लावला की मुळी अर्धी भरलेली असतानाच परत रिकामी होते. असे चार वेळा केले की मुळी बारीक पडते. अडचण आम्हालाही कळते, गाय काही वाट पाहत नाही. तेव्हा घासाचे दोन-तीन वाफे पाडून पाळीपाळीने कापावेत, आणि दर दोन-तीन महिन्यांत प्रत्येक वाफ्याला एकदा फुलापर्यंत जाऊ द्यावे.

दुसरे पाणी. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. अशा वेळी भर दुपारी वाफा तुडुंब भरला आणि पाणी तुंबून राहिले तर मुळीला हवा मिळत नाही आणि दोन-चार दिवसांत घास उकडल्यासारखा मरतो. शेतकरी म्हणतो रोग आला. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी, हलके द्यावे.

काही सभासद चिबड झालेल्या उसाच्या जमिनीत घास लावू का, असे विचारतात. ऑस्ट्रेलियात खालचे पाणी वर चढू नये म्हणून घास लावतात, हे खरे आहे. पण तिथे तो पाणी चढण्याच्या आधी किंवा वरच्या उताराला लावतात. चिबडात लावला तर त्याची मुळी कुजेल, आणि क्षार असेल तर रोपच धरणार नाही. आधी चर काढून निचरा करावा, मग घासाचा विचार.

साक्री, धुळ्याकडच्या हलक्या जमिनीत हात-दीड हाताखाली मुरूम लागतो. मऊ, सुटा मुरूम असेल तर मुळी फटींतून वाट काढते. खाली कातळ किंवा चुनखडीचा घट्ट थर असेल तर तिथे घास एकच वर्ष धरावा आणि त्या हिशेबानेच बियाण्यावर खर्च करावा.

उसाला याचा फायदा तीन-चार वर्षांनी दिसतो. घास मोडल्यावर त्याची जाड मुळी जागच्या जागी कुजते आणि तिची पोकळ नळी खालपर्यंत राहते. उसाच्या मुळ्या त्या वाटेने उतरतात, पाणीही उतरते. शिवाय नत्र मिळते ते वेगळेच. मात्र मोडताना नांगर गड्ड्याच्या खालून, पाच-सहा इंच खोल गेला पाहिजे, नाहीतर उसाच्या सरीत घास परत फुटतो.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. ज्यांचा खोडवा पहिल्या पंधरवड्यात गाळपाला येतो त्यांना ती साधते. बियाणे घेण्याआधी शेतात दोन जागी तीन-तीन फुटांचे खड्डे घ्यावेत, एक पाटाच्या बाजूला आणि एक खालच्या टोकाला. खड्ड्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत चाकू टोचत जावे. जिथे चाकू अडतो तिथे मुळीही अडेल. थर फूट-दीड फुटात असेल तर जमीन कोरडी असताना सबसॉयलर उभा-आडवा फिरवावा, ओलीत फिरवून काही होत नाही. खालच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी पाणी साचलेले दिसले तर तो तुकडा घासाला सोडून द्यावा. खड्डा घेतला की गटकार्यालयात निरोप द्या, आम्ही येऊन पाहू. नानांनी यंदा थर फोडून दुसऱ्या तुकड्यात पाच गुंठे टाकले आहेत. पहिली कापणी झाली की परत खणून पाहायचे ठरले आहे.