पंप फिरतो, पण पाणी कमी का पडते?



उन्हाळा लागला की गटागटांतून एकच तक्रार ऐकू येते. मोटर फिरते, आवाजही नेहमीचाच, पण पाईपाला पाणी निम्मेच. मग पंप खोलला जातो, नवा पंखा बसतो, पैसे जातात आणि पाणी आहे तेवढेच राहते. पुष्कळदा दोष पंपात नसून त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो. म्हणून पंप खोलण्याआधी काय पाहावे, ते आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

आधी पाणी मोजा

२०० लिटरचे बॅरल पाईपाखाली ठेवा व घड्याळ लावा. २० सेकंदांत भरले तर सेकंदाला १० लिटर पाणी आहे; ३३ सेकंद लागले तर ६ लिटरच. एका एकराला तीन इंच पाणी द्यायचे तर सुमारे ३ लाख लिटर लागते. पहिल्या पंपाने हे काम आठ-साडेआठ तासांत होते, दुसऱ्याला चौदा तास लागतात. वीज पाळीने मिळते. म्हणजे शेवटच्या सऱ्या कोरड्या राहणार आणि तेथला ऊस मार खाणार.

त्यानंतर लाईनवरून पायी फिरा. कोरड्या रानात ओल दिसली तर दोष तेथेच सापडला. लाईन ठीक असेल तर पुढे पाण्याकडून सुरुवात करा.

१) सक्शनची बाजू

(अ) फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपण ‘फुटबॉल’ म्हणतो, त्याच्या जाळीला जलपर्णी, शेवाळ, प्लास्टिक बसले आहे का? तो तळापासून फूटभर वर आणि पाण्यात किमान दोन-अडीच फूट बुडालेला असावा. वर भोवरा दिसला की पंप हवा ओढतो असे समजा.

(आ) पंप बंद केल्यावर भरलेले पाणी उतरून जाते का? तसे असेल तर फूट व्हॉल्व्हचे वॉशर गेले किंवा खाली खडा अडकला.

(इ) सक्शन पाईपाच्या जोडांतून हवा शिरते का? तेथे पाणी बाहेर गळत नाही, म्हणून हा दोष डोळ्यांना दिसत नाही. पंप चालू असताना जोडाजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर जोड सैल आहे.

(ई) पाणी किती खाली गेले? पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण ते वर ढकलतो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे ३४ फूट पाणी तोलतो. देशावर ५०० मीटर उंचीवर ३२ फुटांच्या आसपास. घर्षण वगैरे वजा जाता २० फुटांपेक्षा जास्त उचल धरू नये. उजनीच्या फुगवट्यावर उन्हाळ्यात पाणी मागे हटते तसे शेतकरी मोटारी खाली नेतात, ते यासाठीच. सक्शनला तुकडे जोडत बसण्यापेक्षा पंपच पाण्याजवळ न्यावा. तराफ्यावरचा पंप पाण्याबरोबर आपोआप खाली येतो. मात्र तेथे लवचिक होजला घडी पडली आहे का आणि फूट व्हॉल्व्ह गाळात बसला आहे का, हे पाहावे.

२) पंप आणि मोटर

ट्रान्सफॉर्मरच्या किंवा तारांच्या दुरुस्तीनंतर पाणी एकाएकी कमी झाले असेल तर मोटर उलटी फिरते का ते पाहा. उलटा फिरणारा पंपही थोडे पाणी देतो, म्हणून फसगत होते. वायरमनकडून दोन फेज अदलाबदल केल्या की काम होते. ग्लँड दोरीच्या पंपात पाणी थेंब थेंब गळलेच पाहिजे. नट फार आवळला तर दोरी जळते व शाफ्ट झिजतो. एवढे सगळे ठीक असेल तरच पंखा झिजल्याचा संशय घ्यावा.

३) डिलिव्हरीची बाजू

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का? चढावर लाईनीत हवा कोंडली आहे का? ठिबक असेल तर फिल्टरच्या आधीचा व नंतरचा दाब पाहा. फरक अर्ध्या किलोच्या पुढे गेला की फिल्टर धुवा.

दोन काटे बसवा

सक्शनला व्हॅक्यूम गेज व डिलिव्हरीला प्रेशर गेज बसवावा. पाणी चांगले असेल त्या दिवशी दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. पुढे पाणी कमी झाले की :

• व्हॅक्यूम जास्त, प्रेशर कमी – सक्शन तुंबले किंवा पाणी खोल गेले.
• दोन्ही कमी – हवा शिरते, पंखा झिजला किंवा उलटा फिरतो.
• व्हॅक्यूम कमी, प्रेशर जास्त – पुढे लाईनीत अडथळा.

जिवाला जपा

नदीकाठ ओला असतो. पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी चालू करणार नाही. मोटर चालू असताना फूट व्हॉल्व्ह साफ करायला पाण्यात मुळीच उतरू नये. ऊस एक पाळी उशिरा भिजला तरी चालेल. घरचा माणूस सुखरूप घरी आला पाहिजे.

सभासद बंधूंनी या आठवड्यातच बॅरल लावून आपले पाणी मोजावे आणि आकडा खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवावा, ही विनंती.