थप्पीतला आहेर

लग्नाचा बस्ता काढायचा ठरला की आमच्याकडची बरीच घरं सुरतेची वाट धरतात. जळगाव, अमळनेर, नंदुरबार ही गावं ताप्ती लाइनवरच आहेत, धुळेकर गाडी करून महामार्गाने जातात. दुकानात गादीवर बसलं की नवरीचा शालू निवडायला अर्धा दिवस. मग सेल्समन हळूच विचारतो, “आता देण्याच्या दाखवू का?” आणि एका भावाच्या, एका पोताच्या तीस-चाळीस साड्यांची थप्पी समोर येते. रंग तेवढे वेगळे. त्या थप्पीतली कुठली साडी कोणाला, हे तिथे कोणी ठरवत नाही. ते ठरतं मांडवात, ऐनवेळी, ज्या बाईच्या हाताला जी लागेल तिच्यावर.

मी जळगावची लेक, धुळ्याची सून. दोन्हीकडची लग्नं, बारशी, आखाजीची माहेरपणं यांत घेतलं भरपूर आणि दिलंही. एवढं नक्की सांगते, की आहेर स्वस्त आहे म्हणून कोणी खट्टू होत नाही. देताना आपला चेहरा देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हता, हे कळतं तेव्हा माणूस खट्टू होतं.

माझ्या चुलत सासूबाई शिंदखेड्याकडच्या. जन्मभर नऊवारी नेसल्या. पुतण्याच्या लग्नात त्यांना मानाची म्हणून मिळाली ती गुलाबी सिंथेटिक गोल साडी. रात्री पाहुणे पांगल्यावर त्यांनी ओसरीवर तिची घडी मोडली आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून ती मोजायला लागल्या. नऊवारीला अठरा हात लागतात. इथे अकरा हातांतच पदर संपला. “हाई मना काय कामनी, माय?” असं म्हणून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, गोधडीला घ्या. तर म्हणाल्या, हे कापड सरकतं, टाका धरत नाही. मांडवात वावरणाऱ्या पन्नास बायकांनी त्यांना नऊवारीतच पाहिलेलं होतं, आणि तरीही ती साडी त्यांच्याच ओटीत गेली.

तेव्हा बस्ता काढायला जाल तर घरून कागद घेऊन जा. नऊवारी नेसणाऱ्या कोण, सुतीशिवाय अंगाला दुसरं न चालणाऱ्या कोण, पंजाबी ड्रेसवाल्या कोण, एवढं लिहिलेलं असलं तरी पुरे. देण्याच्या साडीची एखादी घडी उलगडून दुकानदाराला मीटरपट्टी लावायला सांगा. साडी साडेपाच मीटर आणि वर ब्लाउजचं कापड, हे खरं माप. थप्पीतल्या साड्या कित्येकदा त्यापेक्षा आखूड निघतात, आणि अंगाने भरलेल्या बाईला निऱ्या पुरत नाहीत. शिवाय दोनशेच्या साडीला फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई धरली की घेणारीचाच खर्च साडीहून जास्त होतो. त्यापेक्षा खणानारळाने ओटी भरा आणि पाकिटात तेच दोनशे रुपये घाला. याने कोणाची मान खाली जात नाही. जाते असं वाटतं फक्त विहीणबाईंना, आणि त्यांची समजूत लग्नाच्या आधी घालायची असते, मांडवात नाही.

भांड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पूर्वी स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार कोरायचं यंत्र हातात घेऊनच विचारायचा, “नाव काय टाकू?” माझ्याकडे झाकणाचा एक डबा आहे, आमच्या वास्तुशांतीला आला. तळाला बारीक अक्षरांत कोरलंय, ‘सप्रेम भेट, मामा-मामी’. देणारे आमचे ना मामा ना मामी. कुठल्या तरी भाचीच्या लग्नातून निघून किती घरं फिरला असेल कोण जाणे. मी त्यात तांदूळ ठेवते, डबा उत्तम आहे. पण पाहुण्यांनी उलटा केला की खुलासा करावा लागतो! आलेली वस्तू पुढे देण्यात मला गैर वाटत नाही. घरात धूळ खाण्यापेक्षा कोणाच्या कामी आलेली बरी. फक्त तळ बघा, झाकणाच्या आतली बाजू बघा, खोक्यात जुनी चिठ्ठी राहिली नाही ना ते बघा. मिठाईच्या खोक्यावरची तारीख तर आधी बघा. सुट्या मिठाईवरही ‘कधीपर्यंत खावी’ ते दुकानात लावायचा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे. पण पाडव्याला आलेली सोनपापडी तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही कोणाला सरकवलीत तर तिथे कुठला नियम येणार?

आहेराची वही मात्र सोडू नका. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून बसणारा घरचा एक माणूस पूर्वी ठरलेला असायचा. आता कार्डावर ‘आहेर आणू नये’ छापतात आणि आहेर येतोच, म्हणजे वहीही नाही आणि हिशेबही नाही. कोणी काय दिलं हे लिहिलेलं असलं की तीच वस्तू त्याच घरी परत जाण्याचा प्रसंग टळतो. दुसरं, कायद्यालाही ही वही हवी आहे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. त्याखाली 1985 साली नियम झाले. वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करावी, वस्तू काय, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचं नाव आणि नातं काय हे लिहावं, वधू आणि वर दोघांनी सह्या कराव्यात, असं त्यात आहे. ही यादी रीतसर केलेली मी फारशी कुठे पाहिली नाही. पुढे वाद झाला की मात्र सगळे फोटोचे अल्बम चाळायला बसतात.

आता ऑफिसचं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे डिसेंबरमध्ये ‘सिक्रेट सांता’ आला. चिठ्ठ्या काढायच्या, दोनशेच्या आत वस्तू आणायची, नाव सांगायचं नाही. हौशी मुलांनी टोप्याही आणल्या. आमच्या खात्यात नाताळ खरोखर घरी साजरा करणाऱ्या एकच बाई, नवापूरकडच्या. दर वर्षी करंज्या-चकल्यांचा डबा आणि केक आणून टेबलाटेबलावर वाटायच्या. त्यांच्या चिठ्ठीला निघाली फायबरची गणपतीची मूर्ती. देणाऱ्याच्या कपाटात दिवाळीच्या दोन पडून होत्या, त्यातली एक. बाईंनी हसून घेतली, टेबलावर ठेवली. पण त्या रोज तिच्याकडे बघून अवघडायच्या. घरी नेता येईना आणि देवाची म्हणून टाकवेना. शेवटी त्यांनी शिपाईमामांना विचारलं. मामांनी आधी चपला काढल्या, मग दोन्ही हातांनी मूर्ती उचलली.

म्हणून देवाची मूर्ती, तसबीर, पादुका हे समोरच्याने मागितल्याशिवाय देऊ नये, मग तो कुठल्याही धर्माचा असो. नको असलेला मग कोपऱ्यात ढकलता येतो, देव ढकलता येत नाही. शुगरवाल्याला मिठाई आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ हेही टाळा.

“काय आणू?” असं थेट विचारून उपयोग नसतो. आपल्याकडे उत्तर ठरलेलं, “काही नको, तुम्ही या म्हणजे झालं.” सुनेला विचारा, शेजारणीला विचारा, किंवा त्या घरी गेल्यावर नुसतं स्वयंपाकघरात उभं राहून बघा.

आणि नातेवाईक पुण्या-मुंबईचे असतील तर फार डोकं शिणवूच नका. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते मिळायच्या आधीपासून आमच्या पुण्याच्या नणंदा हिवाळा लागला की वांग्यांसाठी फोन करतात. नाताळच्या सुट्टीत वांगी ऐन भरात असतात. सोबत कळण्याचं पीठ, बिबड्या, उडदाचे पापड घाला. वांगी देठासकट घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून डागाळतात. खोकं बसने पाठवणार असाल तर बस रात्री निघून पहाटे पोचते, तेव्हा घ्यायला कोण येणार ते आधी फोनवर पक्कं करा.