पारावरची बातमी

आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात काही घडले, तर ते घटकाभरात आपल्या घरी कळते. वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि हातातील फोन ही बातमीची साधने आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की ती नसताना लोक कसे राहत असतील, हा विचारही आपल्या मनात येत नाही. मुलांनो, चला, आपण सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जाऊ आणि कृष्णाकाठच्या मिरज प्रांतातील एखाद्या खेड्यात डोकावून पाहू.

त्या काळी मिरजेस पटवर्धनांचे संस्थान होते. 1820 साली त्याच्या दोन पात्या झाल्या : एक थोरली आणि दुसरी धाकटी. मिरज हे मराठी आणि कानडी मुलखांच्या सीमेवरील गाव. मीरासाहेबांच्या दर्ग्याला येणारे भाविक, बाजारासाठी येणारे शेतकरी, कृष्णेच्या काठाने नरसोबाच्या वाडीस जाणारे यात्रेकरू, असे नाना तऱ्हेचे लोक येथे एकत्र येत. तलवारी आणि भाले यांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी येथेच सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला आणि मिरजेचे नाव दूरवर गेले. इतके लोक येणार-जाणार, तेव्हा त्यांच्याबरोबर बातम्याही येणारच. आरग, बेडग, मालगाव यांसारख्या गावांतील शेतकरी बाजारातून परतला, की मीठमिरचीच्या गाठोड्याबरोबर चार नव्या गोष्टीही घेऊन येई.

गावात बातमीची तीन ठिकाणे ठरलेली असत : चावडी, पार आणि पाणवठा.

चावडीवर सरकारी बातमी येई. सारा केव्हा भरावयाचा, कोणाचे गुरू कोंडवाड्यात आहे, हे तेथे कळे. सर्वांना सांगावयाची गोष्ट असली, की गावात दवंडी पिटली जाई. परगावी निरोप पोचविण्याचे काम बहुधा महार वतनदारांकडे असे. ऊन, पाऊस, रात्र, अपरात्र न पाहता ते कोसच्या कोस चालून जात. त्यांच्या कष्टांच्या मानाने त्यांना मिळणारा मोबदला तोकडा असे आणि मान तर त्याहून तोकडा.

दिवेलागणीनंतर वडाच्या पारावर गडीमाणसे जमत. पाऊसपाणी, बैलांचे भाव, कोणाच्या लेकीचे लग्न ठरले, कोणाची विहीर लागली, असे विषय निघत. गावोगाव फिरणारा वासुदेव, घरोघर जाणारा न्हावी, यात्रेहून परतलेला वारकरी यांना पारावर आदराने बसवून घेत. कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असे.

बायकांची बैठक पाणवठ्यावर. घागर भरता भरता एक मैत्रीण दुसरीला हळूच म्हणे, "अगं, ऐकलंस का? तुझ्या माहेरचा कासार आलाय. तुझ्या आईचा निरोप आहे म्हणे!" बांगड्या भरणारा कासार घरोघरीच्या अंगणात जात असे. त्यामुळे सासुरवाशिणीला आईची खुशाली त्याच्याकडून कळे. आज अशा बोलण्याला आपण 'गप्पा' म्हणून हसू. पण वर्षावर्षात माहेर न पाहिलेल्या मुलीला तो निरोप पत्रासारखा वाटे. अस्पृश्यतेच्या अन्यायी रूढीमुळे सर्वांना एका पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे. पाण्याला अशी बंदी होती, बातमीला मात्र ती नव्हती; ती साऱ्या वस्त्यांतून फिरत असे.

केवळ आपल्याकडेच असे होते, असे नाही. दूर युरोपातील आयर्लंड देशाच्या खेड्यांतही हिवाळ्याच्या लांब रात्री शेजारीपाजारी एखाद्या घरी विस्तवाभोवती जमत आणि गावाच्या बातम्या, जुन्या कथा एकमेकांना सांगत. माणसाला अन्नपाणी लागते, तशीच दुसऱ्या माणसाची खबरही लागते.

पुढे काळ पालटला. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईस 'दर्पण' हे पत्र सुरू केले. 1849 साली पुण्यास 'ज्ञानप्रकाश' आणि 1881 साली 'केसरी' निघाले. 1879 पासून एका पैशात पोस्टकार्ड मिळू लागले. शतकाच्या अखेरीस मिरजेवरून आगगाडी धावू लागली आणि टपाल लवकर येऊ लागले. वाचता येणारा गावात एखादाच असे. तो मोठ्याने वाची आणि भोवतालचे दहाजण ऐकत. म्हणजे छापील बातमीलाही शेवटी पारच गाठावा लागे.

परंतु तोंडातोंडी जाणाऱ्या बातमीत एक खोड असते. ती जसजशी पुढे जाते, तसतशी फुगत जाते. पराचा कावळा होतो आणि राईचा पर्वत. याचा कडू अनुभव लोकांना प्लेगच्या साथीत आला.

1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढील दोन-तीन वर्षांत तो दक्षिणेकडेही पसरला. लोक त्याला 'गाठीचा ताप' म्हणत. त्याबरोबर अफवांचीही साथ आली. 'दवाखान्यात नेलेला रोगी परत येत नाही. तेथे त्याला मुद्दाम मारतात,' असे लोक कुजबुजू लागले. खरे पाहता पुष्कळ रोगी अगदी शेवटच्या घटकेस तेथे पोचत, म्हणून दगावत. पण अफवेने घाबरलेले लोक आजाऱ्याला घरातच लपवीत आणि मग सारे घर रोगाच्या तावडीत सापडे. 1897 साली डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवर लस तयार केली व ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरीही भीतीमुळे अनेकांनी ती घेतली नाही.

याच साथीत खऱ्या बातमीने प्राण वाचविल्याचेही दिसून आले. घरात उंदीर मरून पडू लागले, की पाठोपाठ माणसे आजारी पडतात, हे लोकांच्या ध्यानात आले होते. उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो, हे सीमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1898 साली दाखवून दिले. पण शास्त्रज्ञाचे नावही न ऐकलेली एखादी म्हातारी शेजारणीला वेळीच सांगे, "बाई, आमच्या माळ्यावर उंदीर पडला. तू पोरं घेऊन रानात जा." शेजारीण ऐके, गावाबाहेर झोपडी घालून राही आणि तिची मुले वाचत. आपल्या घरी उंदीर पडला, हे सांगणे सोपे नव्हते. लोक आपल्याला टाळतील, ही भीती असे. ती भीती गिळून जिने खरे सांगितले, तिने केवढे मोठे काम केले!

मिरजेतच डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय 1894 साली उभे राहिले आणि दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले. बरा होऊन गावी परतलेला रोगी पारावर येऊन बसला, की त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसे. अफवेने दवाखान्याची वाट बंद होई, तर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीने ती उघडे.

म्हणूनच पारावरील जाणती माणसे कोणतीही बातमी आली, की आधी विचारीत, "तू स्वतः पाहिलेस, की ऐकलेस? कोणाकडून ऐकलेस?" उत्तर मिळाले नाही, तर ती गोष्ट तेथेच थांबे. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच अनुभवातून घडविली असेल.

मुलांनो, आज पार ओस पडले असतील, पण तोंडातोंडी जाणारी बातमी काही थांबलेली नाही. ती आता बोटाच्या एका स्पर्शाने शेकडो लोकांकडे जाते. साधन बदलले, तरी जबाबदारी तीच आहे. आपल्या कानावर आलेली गोष्ट पुढे देण्यापूर्वी पारावरच्या त्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न स्वतःलाच विचारावा. जे खरे आणि उपयोगाचे असेल, ते धीराने सांगावे. जे कोणाची नाहक बदनामी करील, ते आपल्यापाशीच थांबवावे.

स्वाध्याय

1. चावडी, पार आणि पाणवठा येथे कोणकोणत्या बातम्या मिळत?
2. सासुरवाशिणीला कासार आल्याचा आनंद का होत असे?
3. 'उंदीर पडला' हे सांगणे कठीण का होते? तरीही ते सांगणे योग्य का?
4. 'पराचा कावळा करणे' व 'राईचा पर्वत करणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. आपल्या आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणी गावात बातमी कशी कळत असे, ते विचारा व दहा ओळी लिहा.