कवटीच्या तळातील नसांच्या वाटा

डोक्याचा सी.टी. स्कॅन काढला, रिपोर्ट हाती आला आणि त्यात एखादी अनोळखी ओळ दिसली की घरातल्या सगळ्यांची झोप उडते. मध्यंतरी एक गृहस्थ असाच रिपोर्ट घेऊन आले. मोटारसायकलवरून घसरून पडले होते, म्हणून खबरदारीने स्कॅन केला होता. मेंदूला मार नव्हता, हाडही मोडले नव्हते. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती : उजवे जुग्युलर फोरामेन डाव्यापेक्षा मोठे आहे. झाले! रात्रीच मुंबईला भावाकडे फोन गेला. गाठ तर नसेल? ऑपरेशन करावे लागेल का? सकाळी नवरा-बायको दोघेही चेहरे उतरवून दारात हजर.

त्यांना काहीही झालेले नव्हते. ती ओळ रोगाची नव्हती, त्यांच्या ठेवणीची होती. माणसाच्या कवटीची ही ठेवण नेमकी कशी असते आणि ती समजून घेणे रोग्याच्या व डॉक्टरच्या कधी उपयोगी पडते, ते आज पाहू.

कवटी म्हणजे बंद डबा नव्हे

कवटीला वरून हात लावला तर ती गुळगुळीत, बंद पेटीसारखी वाटते. परंतु तिचा तळ, म्हणजे मेंदू ज्यावर टेकलेला असतो तो भाग, छिद्रांनी भरलेला आहे. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. बोलीभाषेत आपण त्यांना नसा म्हणतो. डोळा, कान, नाक, जीभ, चेहरा, घसा यांच्याशी मेंदूचा सारा व्यवहार या नसांमार्फत चालतो. त्यांना कवटीबाहेर पडायला वाट हवी. ही छिद्रे आणि हाडातले बोगदे म्हणजे त्या वाटा.

वासाची नस चाळणीसारख्या पातळ हाडाच्या बारीक बारीक छिद्रांतून नाकात उतरते. दृष्टीच्या नसेला स्वतंत्र बोगदा आहे. चेहऱ्याची संवेदना नेणारी पाचवी नस तीन फाट्यांत विभागते व प्रत्येक फाटा वेगळ्या दाराने बाहेर येतो. त्यातला खालच्या जबड्याकडे जाणारा फाटा फोरामेन ओव्हेल नावाच्या लंबगोल छिद्रातून उतरतो. त्याची लांबी साधारण सात मिलिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. जुग्युलर फोरामेनमधून घशाच्या व मानेच्या तीन नसा आणि मेंदूतील रक्त परत नेणारी मोठी शीर बाहेर पडते. जिभेच्या नसेचा बोगदा आणखी मागे, मानेच्या मणक्याच्या जरा वर असतो.

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला हे शिकताना विद्यार्थी हातात कवटी धरून एकेका छिद्रातून बारीक तार किंवा केरसुणीची हीर घालून पाहतात. आत कुठून शिरली, बाहेर कुठे आली हे पाठ करतात. रत्नागिरीतही 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हा धडा आता आपल्या गावातही गिरवला जातो. हा धडा गिरवताना विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो असा, की पुस्तकातले चित्र आणि हातातली कवटी तंतोतंत जुळत नाहीत.

आधी वाट, मग गडगा

नारळाचे उदाहरण घ्या. सोललेल्या प्रत्येक नारळाला तीन डोळे असतात. पण दहा नारळ समोर मांडून पाहा. कुणाचे डोळे मोठे, कुणाचे जवळजवळ, कुणाचे एका बाजूला सरकलेले. म्हणून आपण नारळ किडका ठरवत नाही. कवटीच्या छिद्रांचेही तसेच आहे. एका माणसाची दुसऱ्याशी जुळत नाहीत, इतकेच काय, एकाच माणसाची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते.

याचे कारण आईच्या पोटातील वाढीत आहे. गर्भात नसा आणि रक्तवाहिन्या आधी तयार होतात, त्यांच्याभोवती हाड नंतर धरते. आपल्याकडे आधी माणसांच्या पायाने पायवाट पडते आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी गडगे उभे राहतात, तसा हा प्रकार. वाट रुंद तर गडग्यांमधले अंतर रुंद. बहुतेक माणसांत मेंदूचे रक्त परत नेणारी उजवी शीर डावीपेक्षा मोठी असते. साहजिकच तिचे छिद्रही मोठे. आमच्या त्या गृहस्थांच्या रिपोर्टात नेमके हेच लिहिले होते.

आणखी काही फरक नेहमी आढळतात. जिभेच्या नसेच्या बोगद्यात काहींना हाडाचा पातळ पडदा असतो आणि एका बोगद्याचे दोन होतात. फोरामेन ओव्हेलच्या शेजारी काहींना एक लहानसे जादा छिद्र असते, त्यातून एक छोटी शीर जाते. इतरांना ते छिद्रच नसते. काहींच्या कवटीत दोरीसारख्या बंधाचे हाड बनते आणि छिद्राखाली आडवा दांडा तयार होतो. ही माणसे आयुष्यभर धडधाकट असतात आणि आपल्या डोक्यात असे काही आहे हे त्यांच्या गावीही नसते.

इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्या

कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, या विषयाशी आपल्या मराठी माणसांचा जुना संबंध आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांना पुढे 'युगान्त'च्या लेखिका म्हणून महाराष्ट्राने ओळखले. त्या 1920 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीला गेल्या आणि बर्लिनमध्ये त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषयच होता मानवी कवटीची स्वाभाविक असमानता.

त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते होते. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन बाजूंनी असमान असते आणि ते त्याच्या वरचढ बुद्धीचे लक्षण आहे, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या काळजीपूर्वक मोजल्या. असमानता सगळ्यांतच आढळली आणि तिचा वंशाशी काही संबंध दिसला नाही. गुरूला न रुचणारा हा निष्कर्ष त्यांनी परक्या देशात तसाच मांडला. त्यांचा अभ्यास नसांच्या छिद्रांपुरता नव्हता, संपूर्ण कवटीचा होता. पण त्यातला धडा आपल्या विषयालाही लागू आहे. डावे-उजवे सारखे नसणे हाच माणसाचा नियम आहे. त्यात मोठेपणा नाही आणि कमीपणाही नाही.

मग डॉक्टर ही छिद्रे का पाहतात?

ठेवण निरोगी असली तरी काही वेळा तिची माहिती फार उपयोगी पडते. आपल्या भागात वारंवार दिसणारी दोन दुखणी घेऊ.

पहिले दुखणे तोंड वाकडे होण्याचे. रात्री एस.टी.च्या खिडकीशी बसून प्रवास केला, सकाळी उठून चूळ भरली तर पाणी एका बाजूने गळते, डोळा मिटत नाही, तोंड एकीकडे ओढले जाते. लोक म्हणतात, वारा लागला. वैद्यकात याला बेल्स पाल्सी म्हणतात. सर चार्ल्स बेल यांनी 1821 साली चेहऱ्याच्या नसेचे वर्णन केले, त्यांचे हे नाव.

ही चेहऱ्याची सातवी नस कानामागच्या हाडातून सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या वळणावळणाच्या बोगद्यातून जाते. कवटीतल्या कुठल्याही नसेला हाडातून इतका लांब प्रवास नाही. सुरुवातीला एके ठिकाणी तर हा बोगदा एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतो. बोट सुजले की अंगठी रुतते, तसेच येथे होते. नसेला सूज आली, बहुधा विषाणूमुळे, की हाड काही मागे सरत नाही आणि नस आवळली जाते. ज्यांचा बोगदा मुळातच अरुंद त्यांना हा त्रास जास्त होतो, असे काही अभ्यासकांना वाटते, परंतु ते सर्वमान्य झालेले नाही. कानाचे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला मात्र या बोगद्याची फार काळजी असते. कारण पुष्कळ माणसांत त्याची हाडाची भिंत मधेच कुठेतरी उघडी असते आणि नस थेट हत्याराखाली येऊ शकते.

या दुखण्यात वेळ फार मोलाची. सूज उतरवणारे स्टेरॉइडचे औषध पहिल्या 72 तासांत सुरू झाले तर चांगला गुण येतो. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे औषध वेळेवर मिळालेल्या शंभरांपैकी 94 रोगी नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण 82 होते. म्हणजे बरेचसे रोगी आपोआपही बरे होतात. म्हणूनच कबुतराचे रक्त चोळणाऱ्यालाही यश मिळाल्यासारखे वाटते! पण त्या नादात पहिले तीन दिवस गेले तर उरलेल्यांचे तोंड कायमचे वाकडे राहू शकते. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. मधुमेह्यांची साखर त्याने वाढते. डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब व गॉगल, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. नाहीतर बुबुळावर जखम होऊन दृष्टीला धोका पोचतो.

येथे एक इशारा. तोंड वाकडे होणे हे अर्धांगवायूचेही लक्षण असते. अर्धांगवायूत बहुधा कपाळाला आठ्या घालता येतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. नस आवळली असेल तर त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही. तरीही हा निवाडा घरी करत बसू नये. हातापायात कमजोरी, बोबडे बोलणे, तोल जाणे यांपैकी काहीही असेल तर ताबडतोब 108 ला फोन करावा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

दाढ गेली, कळ राहिली

दुसरे दुखणे पाचव्या नसेचे, ट्रायजेमिनल न्युराल्जिया. साधारणतः पन्नाशीनंतर, स्त्रियांत अधिक. गालातून किंवा जबड्यातून विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काही सेकंद राहते आणि जाते. दात घासताना, घास चावताना, दाढी करताना, कधी नुसत्या वाऱ्याच्या झुळुकीने पुन्हा येते. रोगी जेवायलाही घाबरतो. दाढेचे दुखणे समजून एक दाढ काढली जाते, मग दुसरी. दाढा जातात, कळ तशीच.

बहुतेकांत याचे मूळ छिद्रात नसते, तर आत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी नसेच्या मुळाला टेकलेली असते. त्यासाठी एम.आर.आय. काढतात. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो. मात्र अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गोळ्यांनी भागले नाही आणि मोठे ऑपरेशन झेपणारे नसेल तर एक उपाय सुईचा आहे. तोंडाच्या कोपऱ्याजवळ गालातून लांब सुई घालून ती क्ष-किरणांच्या मदतीने फोरामेन ओव्हेलपर्यंत नेतात आणि तेथे उष्णतेने, औषधाने किंवा लहान फुग्याच्या दाबाने नस बधिर करतात. आता वर सांगितलेला तो आडवा दांडा आठवा. एखाद्याच्या छिद्राखाली तो असेल, किंवा छिद्रच अरुंद असेल, तर सुई अडते. शेजारीच मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी आहे, तेव्हा आंधळेपणाने चाचपडून चालत नाही. म्हणून आधी स्कॅनवर त्या माणसाचे छिद्र नीट पाहून घेतात. जी ठेवण आयुष्यभर निरुपद्रवी होती, तिची माहिती त्या दिवशी मोलाची ठरते.

रिपोर्ट हाती आल्यावर

1. 'नॉर्मल व्हेरिएशन', 'असिमेट्री' किंवा 'व्हेरियंट' हे शब्द बहुधा ठेवणीचे वर्णन करतात. तो रोग नव्हे.

2. छिद्राच्या कडा गुळगुळीत, सलग असतील तर बहुधा काळजी नसते. कडा झिजलेल्या, खाल्ल्यासारख्या दिसत असतील तर रिपोर्टात तसे लिहितात आणि पुढील तपास करावा लागतो.

3. छिद्रापेक्षा तक्रार महत्त्वाची. आवाज बसणे, गिळताना ठसका, जीभ एकीकडे वळणे, एका कानाने कमी ऐकू येणे, कानात नाडीसारखे ठोके, चेहरा बधिर होणे, यांपैकी काही असेल तर स्कॅन नॉर्मल असला तरी तज्ज्ञांना भेटावे.

4. जुने स्कॅन आणि फिल्म जपून ठेवा. पुढे कान, नाक किंवा मेंदूचे ऑपरेशन ठरले तर ते सर्जनला दाखवा.

आमच्या त्या गृहस्थांना बायकोसमोर आरशापुढे उभे केले आणि दोन्ही कान, दोन्ही भुवया नीट पाहायला सांगितले. डावी भुवई जरा वर होती. पंचवीस वर्षांच्या संसारात ती दोघांच्याही लक्षात आली नव्हती. "बाहेर हे असे, तर आतही तसेच," एवढे सांगितल्यावर दोघेही हसत घरी गेले. रिपोर्ट मात्र जपून ठेवायला सांगितला.