अभ्यासाची ज्याची त्याची तऱ्हा

१९४२ च्या ऑगस्टात मुंबईहून पकडून आणलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध झाले, तेव्हा सरकारचा पहारा आणि किल्ल्याचा तट सर्वांना सारखाच असला, तरी त्या तटाच्या आत बुद्धी राबविण्याची एकाची तऱ्हा दुसऱ्याच्या तऱ्हेशी जुळणारी नव्हती. मौलाना आझाद पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, बिनदुधाचा चिनी चहा स्वहस्ते सिद्ध करीत आणि पुढे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूप पावलेली, परंतु तूर्त टपालात टाकण्याची मुभा नसलेली पत्रे लिहीत. नेहरूंची गोष्ट याहून निराळी. ते भर उन्हात कुदळ घेऊन, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली जमीन फुलांच्या वाफ्यांसाठी तासन् तास खणीत. आणि अशा रीतीने वीसएक महिने लोटल्यावर त्यांनी कुदळ ठेवून लेखणी उचलली, ती १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत सुमारे हजार पाने हातून लिहून होईपर्यंत खाली ठेवली नाही. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तो हाच ग्रंथ. त्या खणण्याच्या दिवसांत नगरच्या सावेडीचा एखादा दक्ष पालक किल्ल्यात डोकावता, तर ‘मुलगा हुशार आहे, पण वेळ फुकट घालवतो’ असा शेरा मारून खचित परतला असता!

हा शेरा आज नगर जिल्ह्यातील घराघरांत ऐकू येतो. मुलगा अभ्यासिकेत खुर्चीला खिळलेला असला की अभ्यास चालू आहे, आणि अंगणात येरझारा घालीत पुटपुटत असला की टिवल्याबावल्या चालू आहेत, असा आपला पक्का हिशेब असतो. वस्तुतः याच जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती आधी मुखाने. परंपरा सांगते की ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. तेव्हा मोठ्याने बोलल्याखेरीज ज्याचा विचार बांधला जात नाही अशा मुलास ‘मनात वाच’ असे फर्मान सोडण्यापूर्वी नगरकराने तरी थोडे थांबावयास हवे.

मात्र येथे एका भ्रमापासून पालकांस सावध करणे अगत्याचे वाटते. अमुक मूल ‘डोळ्यांनी’ शिकणारे, तमुक ‘कानांनी’ शिकणारे, असे शिक्के मारून त्यानुरूप शिकविल्यास अधिक लाभ होतो, या समजुतीस पुरेसा आधार नाही, असा निर्वाळा अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली उपलब्ध पुराव्याची छाननी करून दिला. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी व भावी व्यवसाय सांगणारी जी दुकाने हल्ली निघाली आहेत, त्यांस तर शास्त्राचा एवढाही टेकू नाही. तिकडे जाणारे पैसे वाचवावेत.

मग स्वतःची तऱ्हा ओळखावी कशी? रोडिगर व कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांकडून उतारे अभ्यासून घेतले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले, काहींनी मजकूर बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहता वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहता आठवून लिहिणारे पुढे निघाले. आपली फसगत नेमकी येथे होते. रात्री चौथ्यांदा धडा वाचून उठणाऱ्या मुलीस आपणांस सर्व येते असे प्रामाणिकपणे वाटत असते, आणि पुढच्या आठवड्यात तिची पाटी कोरी निघते, तेव्हा दोष तिच्या बुद्धीकडे जातो, पद्धतीकडे कोणी बोट दाखवीत नाही.

म्हणून तऱ्हा कितीही विक्षिप्त असो, तिची जमाबंदी एकाच रीतीने व्हावी: आज शिकलेले आठवड्याने, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर किती उतरते? पाथर्डी-पारनेरकडे रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देताना, दारे धरता धरता आवर्तसारणी तोंडाने घोकणाऱ्या मुलाचा कागद भरत असेल, तर त्याला टेबलखुर्ची नाही याची खंत बाळगण्याचे कारण नाही. आणि सर्व सोयींनी युक्त खोलीत बसणाऱ्याचा कागद रिता राहत असेल, तर त्याने जागा नव्हे, रीत बदलून पाहावी. धाकट्या भावाला शिकवून पाहावे, भिंतीवर खडूने प्रमेय मांडावे, पहाट जमत नसेल तर सायंकाळ धरावी. प्रत्येक प्रयोगास मात्र दोन-तीन आठवडे द्यावेत आणि मध्यंतरी पालकांनी चौकशी आरंभू नये.

एवढी मुभा दिल्यावर एक अट घालतो. परीक्षागृहात येरझारा घालण्याची, मोठ्याने बोलण्याची वा मध्यरात्री उत्तरपत्रिका लिहिण्याची सवलत कोणतेही मंडळ देत नाही. सबब परीक्षेपूर्वीच्या महिन्यात प्रत्येकाने, मग त्याची तऱ्हा कोणतीही असो, सकाळी अकराच्या ठोक्याला बाकावर बसून, घड्याळ समोर ठेवून, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका तीन तास न उठता सोडवाव्यात.