घड्याळ पाहा, वेळ लिहा

फाल्गुन महिना होता. कवठे महांकाळच्या शिवारात द्राक्षे उतरत होती. बेदाण्याच्या शेडवर माणसांची धांदल चालली होती. तात्या सकाळी ओट्यावर बसून चहा पीत होते. सून आत भाकरी थापत होती.

एकाएकी बशी फुटल्याचा आवाज झाला. सून धावत बाहेर आली. चहा तात्यांच्या सदऱ्यावर सांडला होता. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. उजवा हात मांडीवर लुळा पडला होता.

"मामंजी, काय झालं ओ?"

तात्या काहीतरी बोलले. पण शब्द उमटेना. जीभ जड झाली होती.

शेजारपाजारची माणसे जमली. एकजण म्हणाला, "वारं गेलंय अंगावरनं. तेल चोळा." दुसरा म्हणाला, "पारव्याचं रगत लावा. आमच्या चुलत्याला लावलं हुतं." तिसरा म्हणाला, "थोरल्याला पुण्याला फोन करा. त्यो आल्यावर बघू काय ते." सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

सुनेने मोबाइल पाहिला. ७ वाजून २० मिनिटे झाली होती. चुलीपुढचा कोळसा घेऊन तिने भिंतीवर मोठे आकडे काढले - ७.२०.

सासूबाई रागावल्या. "अगं पोरी, माणूस पडलाय हितं, आन् तू भिंती कसल्या रंगवतीस?"

"आत्याबाई, वेळ लिवली. डॉक्टर पैलं ह्येच इचारत्यात. आन् पाणी पाजू नगा. नरड्यात अडकंल."

मग तिने १०८ हे आकडे दाबले आणि गाडी बोलावली.

मंडळी, ही गोष्ट रचलेली आहे. पण अशी सकाळ कोणत्याही घरात उगवू शकते. सुनेने भिंतीवर वेळ का लिहिली, ते या पाठात पाहू.

हा आजार कोणता?

याला कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात, कोणी पक्षाघात म्हणतात. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात. आपल्याकडे 'वारं गेलं' असेही म्हणतात. पण यात वाऱ्याचा काही संबंध नाही. करणी नाही, देवाचा कोपही नाही. हात लुळा पडतो, तरी दुखणे हातात नसते. दुखणे मेंदूत असते.

द्राक्षबागेत ठिबकची नळी असते. नळीत गाळ अडकला की पुढच्या वेलीला पाणी मिळत नाही. वेल सुकू लागते. कधी नळीच फुटते. मग पाणी भलतीकडे वाहते. मेंदूचेही असेच आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात. एखाद्या वाहिनीत रक्ताची गुठळी अडकली, किंवा वाहिनी फुटली, तर मेंदूच्या तेवढ्या भागाचे काम बंद पडते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि उजवी बाजू डावी चालवते. म्हणून एका अंगाचेच हातपाय जातात.

नळीत अडकलेला गाळ लवकर निघाला तर वेल पुन्हा तरारते. उशीर झाला तर ती वाळते. वाळलेल्या वेलीला मागून कितीही पाणी घाला, काय उपयोग?

हा शहरातला आजार आहे काय?

पुष्कळांना वाटते, हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार आहे. रानात राबणाऱ्याला तो होत नाही. हे खरे नाही.

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' नावाची संस्था आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ती १९८६ साली स्थापन केली. तेथे मेंदूचे डॉक्टर योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ८६ खेड्यांत पाहणी केली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत त्या गावांत १,५९९ माणसे वारली. प्रत्येक जण कशाने गेला, याचा शोध त्यांनी घेतला. त्यांपैकी २२९ माणसे लकव्याने गेली होती. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. दुसऱ्या कोणत्याही आजाराने इतकी माणसे गेली नव्हती. त्यांतल्या बहुतेकांचा शेवट घरीच झाला होता. २०१५ साली ही पाहणी छापून आली.

ही माणसे शेतात राबणारी होती, खेड्यातली होती, तुमच्याआमच्यासारखी होती.

साडेचार तासांचा हिशेब

पूर्वी लकव्यावर नेमके औषध नव्हते. डॉक्टरही म्हणत, 'वाट पाहू.' मग शोध लागत गेले. १९९५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून लवकर दिले तर पुष्कळ रोगी सावरतात. त्या वेळी तीन तासांची मुदत होती. २००८ साली युरोपातल्या अभ्यासाने ती साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली आणखी एक वाट खात्रीची ठरली. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि मोठी गुठळी ओढून काढतात. हा उपाय निवडक रोग्यांना चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडतो, हे २०१८ साली दिसून आले. पण तो थोड्याच दवाखान्यांत होतो.

मुदत साडेचार तासांची आहे, म्हणून साडेचार तास थांबायचे नाही. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली एका डॉक्टरांनी मांडला. पेशी म्हणजे ज्या बारीक कणांनी आपले शरीर बनते ते कण. एक चिलीम ओढून होईपर्यंत किती गेल्या, याचा विचार करा.

आता वेळ लिहिण्याचे कारण कळले ना? आजार केव्हा सुरू झाला, हे कळल्याशिवाय डॉक्टरांना हे औषध सहसा देता येत नाही. माणूस झोपेतून लकवा घेऊनच उठला, तर रात्री शेवटी तो धडधाकट केव्हा दिसला होता, ती वेळ सांगावी.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे वरून पाहून डॉक्टरलाही कळत नाही. दोन्हींत तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो. त्यासाठी डोक्याचा सीटी स्कॅन काढावा लागतो. वाहिनी फुटली असताना गुठळी विरघळवणारे औषध दिले तर रोगी दगावू शकतो. म्हणून जवळच्या कोणत्याही दवाखान्यात नेऊन भागत नाही. सीटी स्कॅन आणि हे औषध जिथे आहे, तिथेच न्यावे. असा दवाखाना कुठला, हे आजच विचारून ठेवा. भिंतीवर त्याचे नाव आणि फोन लिहून ठेवा.

आपल्या भागाचे एक भाग्य आहे. मिरज येथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली तेथे दवाखाना सुरू केला. तेव्हापासून लांबलांबचे रोगी मिरजेस येतात. १९६२ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या काळी आपल्या आजोबांना बैलगाडीने मिरज गाठायला दिवस लागत असे. आज गाडीने तासाभराची वाट आहे. वाट एवढी जवळ आली, आता ओट्यावर बसून वेळ घालवू नये.

ओळखावे कसे?

ओळखायला डॉक्टर लागत नाही. तीन गोष्टी करायला सांगा.

एक. "जरा हसा बघू." तोंड एका बाजूला वाकडे होते काय?

दोन. "दोन्ही हात वर करा." एक हात खाली पडतो काय?

तीन. "तुमचं नाव आन् गाव सांगा." बोलणे बोबडे होते काय? भलतेच शब्द येतात काय?

तिन्हींपैकी एक जरी बिघडले, तरी घड्याळ पाहा, वेळ लिहा, आणि निघा. एकाएकी एका डोळ्याला दिसेनासे झाले, तोल गेला, किंवा कधी नव्हे असे भयंकर डोके दुखले, तरीही निघा.

कधी कधी पाच-दहा मिनिटांत सगळे आपोआप नीट होते. माणूस म्हणतो, "काय न्हाई, जरा चक्कर आली." त्याचे ऐकू नका. तो इशारा असतो. खरा घाला पुढे एकदोन दिवसांतही पडू शकतो.

काय करू नये?

तोंडात पाणी, चहा, गोळी, काही घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असते. घास किंवा पाणी श्वासनळीत जाते.

रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका.

तेल चोळत बसू नका. पारव्याचे रक्त लावल्याने मेंदूतली गुठळी विरघळत नाही. पारवाही जातो आणि वेळही जाते.

थोरला मुलगा येईपर्यंत थांबू नका. त्याला थेट दवाखान्यात यायला सांगा.

माणूस बेशुद्ध असेल, उलटी करत असेल, तर त्याला कुशीवर निजवा.

पैशांचीही काळजी पडते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. कोणता उपचार योजनेत बसतो, ते त्याला विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवलेले असावे.

पुढे काय झाले?

तात्यांना घेऊन गाडी ९ वाजून १० मिनिटांनी मिरजेच्या दवाखान्यात पोहोचली. डॉक्टरांनी विचारले, "केव्हा झालं?" सून म्हणाली, "सात वाजून वीस मिन्टांनी." स्कॅन झाला. वाहिनी तुंबली होती, फुटली नव्हती. ९ वाजून ४५ मिनिटांनी औषध शिरेतून सुरू झाले.

तात्या वाचले. पाय सुधारला. बोलणे सुधारले. उजव्या हाताची बोटे मात्र आखडलेली राहिली. हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही. लागू पडले तरी कधी थोडे व्यंग उरते. पण आपल्या पायांनी परसात जाणारा माणूस आणि अंथरुणाला खिळलेला माणूस, यांत फार अंतर आहे.

महिना गेला. तात्या जेवेनात, बोलेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. घरचे म्हणाले, "म्हातारा हट्टी झालाय." तो हट्ट नव्हता. लकव्यानंतर तीन रोग्यांपैकी सुमारे एकाचे मन असे खचते. मेंदूला इजा झालेली असते, आणि हात गेल्याचे दुःखही असते. यालाही औषध आहे. त्यात लाज कसली? डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ही सोय आहे. 'टेलि-मानस' असे तिचे नाव आहे.

तात्या एकदा सुनेला म्हणाले, "आता ह्या वयात हात काय नवं शिकनार गं?"

सून म्हणाली, "मामंजी, मी चाळिशीत पाटी धरली न्हवं? तुमी बोटं हलवा, मी अक्षरं गिरवते. बसा जोडीनं."

तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले. आधी आणि नंतर यंत्राने त्यांचा मेंदू तपासला. पाहण्याचे काम करणारे मेंदूचे भाग एकमेकांशी अधिक जुळवून काम करू लागले होते. २०१७ साली हे छापून आले. म्हणजे तुम्ही हा पाठ वाचता, तेव्हा तुमचा मेंदूही बदलत असतो. लकव्यात काही पेशी मेल्या, तरी उरलेला मेंदू पुष्कळ वेळा त्यांचे काही काम उचलतो. पण त्याला रोज सराव हवा. म्हणून व्यायाम शिकवणाऱ्याने सांगितलेले व्यायाम चुकवू नयेत.

आजार टाळता येतो काय?

पुष्कळ वेळा येतो. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. आरोग्य केंद्रात तो मोजून घ्या. गोळी सुरू झाली तर 'बरं वाटतंय' म्हणून बंद करू नका. मधुमेह असेल तर तोही ताब्यात ठेवा. दिवसाला एका माणसाला सगळे मिळून चहाच्या चमच्याएवढेच मीठ पुरे. लोणचे, पापड, खर्डा यांतले मीठही त्यातच मोजा. तंबाखू, मिश्री, विडी सोडा. दारू सोडा.

लक्षात ठेवा

तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे - घड्याळ पाहा.
वेळ लिहा. १०८ ला फोन करा.
तोंडात काही घालू नका.
सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच जा.

वाचा आणि सांगा

१. सुनेने भिंतीवर कोणती वेळ लिहिली? का लिहिली?
२. ७ वाजून २० मिनिटांपासून साडेचार तास केव्हा पुरे होतात?
३. तात्यांना औषध किती वेळाने मिळाले?
४. तुमच्या घरात शेवटचा रक्तदाब कोणाचा मोजला? केव्हा?
५. १०८ आणि १४४१६ हे आकडे पाच वेळा लिहा. एकदा घराच्या भिंतीवर लिहा.